जुनी गाडी घेताना आणि विकताना: मालकाचं सांगणं आणि गाडीवरच्या खुणा जुळतात का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांची, मीटरवर ३८,००० किलोमीटर दाखवणारी, एकाच मालकाची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी तुम्हाला पसंत पडली आहे. ओळखीच्या मेकॅनिकने एक चक्कर मारून "इंजिन ठणठणीत आहे" असं सांगितलं. मालक म्हणतोय की दोन दिवसांत विसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. शिवाय घरची अकरा वर्षांची डिझेल गाडीही याच सुमारास काढायची आहे. तेव्हा ही घेऊ का, ती कितीला देऊ आणि आधी कोणतं काम करू, असं तुम्ही विचारलंत.

मी गाड्या दुरुस्त करतो आणि घेणाऱ्यांसाठी जुन्या गाड्या तपासूनही देतो. गाडी न बघता "घ्या" किंवा "सोडा" असं मी सांगणार नाही. पण तुम्ही स्वतः काय बघायचं आणि का, ते सविस्तर लिहितो.

तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं खरं असेलही. आजकालचं पेट्रोल इंजिन वेळेवर ऑइल मिळालं तर ३८,००० किलोमीटरला सहसा कुरकुरत नाही. घेणाऱ्याला खड्ड्यात घालतात त्या गोष्टी वेगळ्याच असतात: झाकलेला अपघात, पाण्यात बुडून निघालेली गाडी, दुर्लक्षित गिअरबॉक्स, आणि कागदपत्रांत अडकलेली मालकी. इंजिनाचा आवाज ऐकून यातलं एकही कळत नाही. म्हणून मी तपासायला उभा राहतो तेव्हा एकच गोष्ट शोधतो: मालक जे सांगतोय ते आणि गाडीवर जे दिसतंय ते जुळतंय का. एक विसंगती दिसली तर विचारायचं, दोन दिसल्या तर खोलात जायचं, आणि तिसरीही निघाली तर किंमत कितीही कमी होवो, मी निघायचा सल्ला देतो.

सुरुवात तारखांपासून करा, कारण त्याला हत्यार लागत नाही. गाडीवर जागोजागी तारखा असतात. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. काचांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि उत्पादनाच्या वर्षाचा संकेत असतो. सगळ्या काचा साधारण एकाच काळातल्या हव्यात. समोरची काच वेगळी असेल तर घाबरू नका, दगड उडून ती फुटते. पण मागच्या दाराची काच किंवा डिकीची काच वेगळ्या वर्षाची असेल तर "ही का बदलली?" हे विचारायलाच हवं. हेडलाइटच्या पाठीवर तारीख सापडते. बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवरही असते.

या सीटबेल्टच्या पट्टीवरून एकदा सगळा उलगडा झाला, तो सांगतो, म्हणजे मी कसा विचार करतो ते कळेल. गाडी बाहेरून चकाचक होती, रंग एकसारखा, मीटर कमी. चालकाचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर पट्टीवरची तारीख गाडीच्या उत्पादनानंतरची. बेल्ट कुणी हौसेने बदलत नाही. जोराची टक्कर झाली की बेल्ट ताणून धरणारी यंत्रणा एकदाच उडते, मग तो बदलावाच लागतो. म्हणून पुढे एअरबॅगचा दिवा बघितला. चावी ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे लागतात आणि स्वतःची तपासणी करून आपापल्या वेळी विझतात. इथे एअरबॅगचा दिवा ऑइलच्या दिव्याबरोबर लागत होता आणि नेमका त्याच्याबरोबरच विझत होता. दोन्हीची वायर एकत्र बांधली होती. म्हणजे समोरून टक्कर झाली होती, बेल्ट बदलले होते, आणि एअरबॅगची यंत्रणा चालत नाही हे लपवायला दिव्याची जोडणी केली होती. विकणाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने ती तशीच दुसऱ्याकडून घेतली होती. म्हणून समोरचा माणूस प्रामाणिक दिसतो, एवढ्यावर तपासणी थांबवू नका.

तुमच्या गाडीच्या मीटरकडे याच नजरेने बघा. वर्षाला साडेसात हजारांच्या आसपास चाललेली गाडी ही अगदी शक्य गोष्ट आहे. पण मग बाकीच्या खुणाही तेवढ्याच वापराच्या हव्यात. ब्रेकच्या पॅडलचं रबर एका कडेला झिजून गुळगुळीत झालंय का? किंवा उलट, बाकी सगळं पाच वर्षांचं दिसत असताना रबर कोरं करकरीत आहे का? स्टिअरिंगची वरची कड, चालकाच्या सीटची दाराकडची बाजू, डाव्या-उजव्या खिडक्यांची बटणं बघा. ब्रेक डिस्कच्या कडेवरून बोट फिरवा, पण गाडी थंड असताना. कडेला खोल ओठ, म्हणजे उभी राहिलेली कंगोऱ्यासारखी कड, तयार झाला असेल तर डिस्कने बरंच काम केलं आहे. चारही टायर नवे असतील तर तेही विचारा. ३८,००० ला टायर बदलणं अशक्य नाही, पण नवे टायर, नवं पॅडल-रबर आणि ओठ आलेली डिस्क हे तिन्ही एकत्र दिसले तर मीटर मागे फिरवल्याचा संशय मी धरतो. डिजिटल मीटर फिरवता येत नाही, हा गैरसमज आहे. संगणक जोडून आकडा बदलता येतो. त्यावर उतारा म्हणजे सर्व्हिसची बिलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत प्रत्येक वेळचं रीडिंग असतं. ते चढत गेलेलं दिसलं पाहिजे, आणि मालकाला सोबत घेऊन तिथून नोंदी काढता येतात.

रंगाबद्दल थोडं शांतपणे. बंपर घासणं, दाराला ओरखडा पडणं हे वापरात होतंच, आणि तेवढा भाग पुन्हा रंगवलेला असेल तर तो दोष मी मानत नाही. माझं लक्ष असतं छत, पिलर (छताला आधार देणारे खांब), बॉनेटखालच्या आतल्या पट्ट्या आणि डिकीचा तळ यांच्याकडे. हे भाग रंगवले गेले असतील तर मार सांगाड्यापर्यंत गेला असण्याची शक्यता मोठी. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, पुन्हा रंगवलेला भाग २०० च्या वर जातो, आणि पुट्टी भरली असेल तर आकडा ५०० किंवा त्याहूनही वर उडी मारतो. एकट्या आकड्यापेक्षा शेजारच्या दोन भागांतला फरक जास्त बोलका असतो. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही, हे लक्षात ठेवा. यंत्र नसेल तर बॉनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. कारखान्यातून ते रंगासकट येतात. पान्याने खोलले की डोक्याच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि वॉशरची जागा सरकलेली दिसते. मग स्टेपनी उचला. तिच्या खालचा पत्रा सपाट आणि जोड एकसारखे हवेत.

स्टेपनीच्या त्याच खोलगट जागेत पुराची गाडीही पकडली जाते. वरून कितीही धुतली तरी गाळाची बारीक पावडर तिथे, सीटच्या रुळांखाली आणि गालिच्याखालच्या वायरिंगच्या जोडांत राहते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पाण्याची रेघ राहिलेली असते. सीटखालचे बोल्ट गंजलेले आणि आत भरपूर सुवास मारलेला असेल तर सावध व्हा. पाण्यात बसलेल्या गाडीच्या वायरिंगचा त्रास लगेच दिसत नाही, जोड हळूहळू गंजत जातात. आधुनिक गाडीत दुरुस्तीला सगळ्यात चिवट दुखणं हेच. म्हणून अशी गाडी मी कुणालाही, कोणत्याही किमतीला घ्यायला सांगत नाही.

आता इंजिन. तुमच्या मेकॅनिकने बघितलं तेव्हा गाडी आधीच गरम होती का, हे त्याला विचारा. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर नम्रपणे दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन पहिल्या काही सेकंदांत जेवढं बोलतं तेवढं नंतर तासभर बोलत नाही: इंजिनातल्या साखळीचा खडखडाट, ऑइलचा दाब येईपर्यंतची टकटक, सायलेन्सरचा पहिला धूर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. पांढऱ्या वाफेचा थोडा लोट थंडीत येतोच आणि विरतो. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आत झिरपत असावं. इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीत तेलाचे तवंग आहेत का बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

पुढची तपासणी फार कमी लोक करतात, आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. स्टिअरिंगखाली निदानाचं सॉकेट असतं, ओबीडी म्हणतात ते. मोबाइलशी जोडता येणारा साधा स्कॅनर त्यात लावा. फक्त ‘फॉल्ट कोड (बिघाडाची नोंद) नाही’ यावर समाधान मानू नका, कारण कोड पुसता येतात. दोन नोंदी शोधा. एक, ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’. दुसरी, ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडी स्वतःच्या प्रदूषण-नियंत्रणाच्या ज्या चाचण्या घेत असते त्या पूर्ण झाल्या आहेत का. कोड पुसले की या चाचण्याही शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं नेहमीचं ड्रायव्हिंग लागतं. अंतर सहा-सात किलोमीटर आणि चाचण्या अपूर्ण असं दिसलं, तर तुम्ही येण्याआधी कुणीतरी कोड पुसले आहेत. बॅटरी काढून लावली तरी असं होऊ शकतं, म्हणून लगेच आरोप करू नका. "बॅटरी बदलली का?" असं विचारा आणि नव्या बॅटरीचं बिल मागा. बिल निघालं तर आठवड्याने पुन्हा स्कॅन करू द्या, म्हणजे दोघांचंही समाधान होईल.

तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे, आणि माझ्या मते या व्यवहारात खरी जोखीम तिथे आहे. आधी कोणत्या जातीचा गिअरबॉक्स आहे ते विचारा, कारण तपासण्याची रीत त्यावर ठरते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून पार्किंगमधून रिव्हर्स आणि मग ड्राइव्हमध्ये टाका. गिअर धरायला उशीर लागू नये आणि धक्का बसू नये. सीव्हीटी (ठराविक गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारा) असेल तर हलक्या चढावर सावकाश वेग वाढवताना थरथर किंवा किंकाळीसारखा आवाज येतो का ऐका. ड्युअल क्लचवाली गाडी मोकळ्या रस्त्यावर कायम छान चालते. तिला गर्दीत, पावलापावलाने न्या. थरथर तिथेच कळते. एएमटीमध्ये (साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) गिअर बदलताना हलका झटका बसणं हा तिचा स्वभावच आहे, त्याला बिघाड समजू नका. आणि गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं, याची नोंद मागा. मालक जर "हे ऑइल आयुष्यभर चालतं" म्हणाला, तर कंपनीच्या पुस्तिकेत गर्दीतल्या किंवा चढउताराच्या वापरासाठी काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

टेस्ट ड्राइव्ह किमान अर्ध्या तासाची घ्या, रेडिओ बंद ठेवून. खराब रस्त्यावर सस्पेन्शनचा आवाज, सरळ रस्त्यावर हात सैल ठेवल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, जोरात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, हे सगळं एकाच फेरीत कळतं. परत आल्यावर एसी लावून गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवा. तापमानाचा काटा जागेवरून हलता कामा नये.

कागदपत्रांत घाई म्हणजे घात. चेसिस क्रमांक सतरा अक्षरांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत. पत्र्यावर कोरलेला, पट्टीवर छापलेला आणि कागदावर लिहिलेला क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा. कोरलेल्या जागेभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथेच थांबा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचं पत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. "पैसे आले की कर्ज फेडतो" म्हणणाऱ्याला सांगा की आपण दोघं मिळून बँकेत जाऊ आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरू. याच चेसिस क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का ते बघा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधला, ती फुगवणारा अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे कालांतराने बिघडत होता आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडत होते. त्यासाठी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. असे भाग कंपनी सहसा फुकट बदलून देते आणि मालक बदलला तरी तो हक्क गाडीबरोबर येतो.

दोन दिवसांच्या मुदतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: स्वतंत्र तपासणीला नकार देणाऱ्याला विसार देऊ नका. मुदत खरी असू शकते, खरंच दुसरं गिऱ्हाईक असेल. पण तपासणीला अर्धा दिवस लागतो, आणि गाडी खरी असेल तर मालकाला तो अर्धा दिवस देताना त्रास होत नाही. विसार द्यायचाच झाला तर "तपासणीत मोठा दोष किंवा कागदांत अडचण निघाल्यास पूर्ण रक्कम परत" असं एका ओळीत लिहून, सही घेऊन द्या. आणि ठरलेल्या किमतीचा साधारण दहावा हिस्सा हातात राखून ठेवा. सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, कदाचित टायर यात तो जातोच. तो हिशेब धरून गाडी परवडत नसेल तर ती परवडत नाही.

आता तुमची डिझेल गाडी. कितीला द्यावी हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं: तुमच्या भागात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत का किंवा येऊ घातलेत का, त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का, तुम्हाला किती घाई आहे. पण पद्धत सांगता येते. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि साधारण तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या जाहिराती बघा. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला असतो, मिळालेला नसतो. आठवडेच्या आठवडे पडून असलेल्या जाहिराती बाजूला काढा. मग दोन-तीन व्यापाऱ्यांकडून भाव घ्या, तो तुमचा तळ. थेट गिऱ्हाइकाला विकलंत तर भाव या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. वरचा फरक हा तुमच्या वेळेचा, फोन उचलण्याचा आणि अनोळखी माणसांना गाडी दाखवण्याचा मोबदला आहे. तो त्रास नको असेल तर व्यापाऱ्याला देण्यात काहीच गैर नाही.

चांगली ठेवलेली गाडीही मधल्या भावाला का जाते, याचं कारण अर्थशास्त्रात फार पूर्वी मांडलं गेलंय. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन दाखवलं की विकणाऱ्याला गाडी माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्यांनाच सरासरी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो. या कामासाठी २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. तुम्हाला यातून घ्यायचं ते एवढं: तुमच्या गाडीच्या किमतीत पुराव्याचा मोठा भाग आहे. बिलांची फाइल तारखेनुसार लावा. दुसरी चावी शोधून काढा. जे दोष आहेत ते गिऱ्हाइकाने शोधण्याआधी तुम्हीच दाखवा: "डावीकडचं मागचं दार रंगवलंय, हे त्याचं बिल." एक दोष स्वतः दाखवला की बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो, आणि घासाघीसही कमी होते.

गाडी धुवा, आतून स्वच्छ करा, जळलेले बल्ब बदला. इंजिन मात्र पाण्याच्या फवाऱ्याने चकचकीत करू नका. ओलसर, नुकतंच धुतलेलं इंजिन बघितलं की माझ्यासारखा माणूस ऑइलची गळती शोधायला लागतो. विक्रीआधी मोठी दुरुस्ती करण्यातही अर्थ नाही, ते पैसे क्वचितच वसूल होतात. दोष सांगा आणि भाव तेवढा खाली धरा.

टेस्ट ड्राइव्हला लायसन्स बघून, स्वतः शेजारी बसूनच जा. मोबाइलवर दाखवलेला ‘पैसे पाठवले’चा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, तुमच्या खात्यात रक्कम आल्यावरच चावी द्या. कुणी ठरल्यापेक्षा जास्त पाठवून वरचे परत मागितले तर तो फसवणुकीचा ठराविक प्रकार आहे. ताबा देताना कागदावर तारीख, वेळ आणि मीटरचं रीडिंग लिहून दोघांनी सह्या करा, कारण त्या क्षणानंतरचा दंड किंवा अपघात तुमच्या नावावर येऊ नये. मालकी बदलल्याची सूचना नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला तुम्ही स्वतः द्या, गिऱ्हाइकाच्या भरवशावर सोडू नका. गाडीच्या स्क्रीनमधून जोडलेले फोन, संपर्क आणि घराचा पत्ता पुसा, टोलचा टॅग बंद करा.

घेणाऱ्या बाजूनेही हेच उलट करून बघा. पाच वर्षांची गाडी मोबाइल ॲपशी जोडलेली असू शकते, आणि आधीच्या मालकाने खातं काढलं नाही तर त्याला गाडी कुठे उभी आहे ते दिसत राहतं. ताबा घेताना त्याच्यासमोरच ते खातं काढून घ्या.

राहिला क्रमाचा प्रश्न. रोज गाडी लागत नसेल तर आधी विका. दारात उभी असलेली दुसरी गाडी आणि तिचा चालू विमा घासाघीस करताना तुमचे हात बांधतो. रोज लागत असेल तर व्यापाऱ्याचा लेखी भाव आणि त्याची मुदत हातात ठेवून नवी शोधा, म्हणजे थेट गिऱ्हाईक नाही मिळालं तरी अडणार नाही. तोपर्यंत मालकाला फोन करून शनिवारी किंवा रविवारी सकाळी थंड गाडी बघायला येतो असं कळवा. टायरवरचे चार आकडे, सीटबेल्टच्या पट्टीवरची तारीख, गिअरबॉक्सचा प्रकार आणि स्कॅनरवरचं ते अंतर मला इथे लिहा. त्यावरून पुढे काय खोलून बघायचं ते नेमकं सांगता येईल.